पोकलेनचा खांदा

लोक चंद्रपूरला वाघ बघायला जातात, मी भोकं भरायला गेले. हसू नका, धंदाच तो आहे आमचा. माती-कोळशात राबणाऱ्या मोठ्या मशिनांच्या सांध्यांत जाड लोखंडी पिना असतात. पिन फिरून फिरून तिचं भोक झिजतं, गोलाचं अंडं होतं, आणि एक दिवस मशीन लुळं पडतं. आम्ही त्या भोकात आमचं यंत्र बसवतो. ते आपोआप गोल गोल फिरत आतून वेल्डिंगचे थर देतं आणि भोक भरत आणतं. मग यंत्राच्या त्याच फिरत्या दांड्याला पातं लावून ते पुन्हा गोल, मापात कापायचं. कोल्हापुरात उद्यमनगरला माझं छोटं वर्कशॉप आहे. सोबतीला दस्तगीरमामा असतात. वय साठीला टेकलेलं, बोलणं कमी, चहा जास्त. पिकअपमध्ये जनरेटर, यंत्र आणि गॅसची टाकी टाकून आम्ही महाराष्ट्राच्या या टोकावरून त्या टोकाला गेलो.

परत येऊन महिना होत आला. जो भेटतो तो विचारतो, "काय सुनंदाताई, वाघ दिसला का?" नाही दिसला. जे दिसलं ते सांगायला लागले की लोक आधी हसतात आणि मग गप्प होतात. म्हणून एकदाच लिहून काढते.

ऊर्जानगर

मूळ काम इथलं होतं. कोळसा हलवणाऱ्या एका ठेकेदाराच्या लोडरचे सांधे भरायचे. वीजकेंद्राची वसाहत, ओळीनं क्वार्टर, सकाळी कंपनीच्या बस आणि मोटरसायकलींची रांग. ओळखीच्या एका घरी उतरलो. पहिल्याच दिवशी पांढरी ओढणी दोरीवर वाळत टाकली आणि संध्याकाळी करड्या रंगाची काढली. घरच्या बाई म्हणाल्या, "रंग गेला नाई तिचा, राख बसली. झटका." श्रावण संपत आला होता तरी अंगाची काहिली होत होती. आमच्याकडे श्रावणात अंगावर शाल लागते हो! तिथं मामा बनियनवर वेल्डिंग करायला निघाले, त्यांना ओरडून थांबवावं लागलं.

लोडरचं काम चांगलं झालं. त्याचा ड्रायव्हर दोन दिवस आमचं यंत्र टक लावून बघत होता. शेवटी म्हणाला, "बाई, कुरखेड्याच्या तिकडं माही सासुरवाडी हाये. गावाचा पोकलेन हाये, त्याचे होल ढिले झाले. जाता का?"

"गावाचा? म्हणजे कुणाचा?"

"गावाचा म्हंजे गावाचा. बांबू विकला अन् सगळ्यायनं मिळून घेतला."

गावानं बैल पाळलेला ऐकलाय, देवाला सोडलेला. गावानं पोकलेन पाळलाय हे पहिल्यांदाच ऐकत होते. मामांकडे पाहिलं. ते म्हणाले, "चला की. आलोयच इतकं लांब."

नागभीड

रेल्वेच्या फाटकाजवळ नाश्त्याला थांबलो. पोहे मागवले. हॉटेलवाल्यानं पोह्यांवर डावभर लालभडक तर्री ओतली, वर हरभरे. मी म्हटलं, "अहो, मिसळ नाही मागितली, पोहे!" तो म्हणाला, "पोहेच हायेत ना बाई. कोरडे कोन खाते?" कोल्हापूरच्या बाईला तिखटाच्या बाबतीत कुणी गप्प केलं असेल तर त्यानं. नाक पुसत दुसरी प्लेट मागवली.

पुढे ब्रह्मपुरी, वडसा. दोन्हीकडे नुसता धान. उसाचं एक कांडं दिसेल तर शपथ. आणि जेवायला कुठंही थांबा, भातच. मामांनी एका खानावळीत भाकरी विचारली तर मालकानं त्यांच्या तब्येतीची चौकशी केली.

नदीच्या अल्याड-पल्याड

कुरखेडा मागे पडलं आणि जंगल सुरू झालं. गावाआधी नदी आणि तिच्यावर सिमेंटचा बुटका रपटा. त्यावरून घोटाभर पाणी वाहत होतं. पलीकडून एक उंच, काळासावळा माणूस काठी टेकत पाण्यातून आला. हा बुधरामभाऊ, गावाच्या पोकलेनचा ऑपरेटर. म्हणाला, "मी म्होरं चालतो, माह्या मांगं मांगं गाडी घ्या. कडा दिसत नाई."

"कठडे कुठं आहेत याचे?"

"वाहून गेले."

"कधी?"

"कोन्त्या वर्षीचे इचारता?"

माझा जीव त्या वेळी जो टांगला तो परत येईपर्यंत खाली उतरला नाही.

पोकलेन मोहाच्या झाडाखाली उभा होता. पिवळा रंग उडालेला, पण धुऊनपुसून ठेवलेला. बुधरामभाऊनं त्याच्या लोखंडी हातावर थाप मारली. "खांदा दुखते बाई याचा." खांदा म्हणजे मशिनाचा लांब हात दोन तुकड्यांत जिथं जोडलेला असतो तो सांधा. तिथं दोन जाड कान असतात, दोन कानांत दोन भोकं, आणि त्यांतून आरपार एक पिन. त्या एका पिनेवर पुढचा सगळा हात आणि बकेट लोंबकळत असते.

पिन काढायला गेलो तर ती हातानंच निघाली. ठोकावी लागते हो, घाम काढते पिन! इथं सुईसारखी बाहेर आली. भोकात तेलाच्या डब्याचा पत्रा कापून गुंडाळलेला. पिन सरकू नये म्हणून जो बोल्ट असतो त्या जागी तार. हे असलं आम्हाला नवं नाही. पण भोकात हात घातला आणि मला काहीतरी खटकलं. भोक खालच्या बाजूनं खाल्लेलं होतं. माती खोदणाऱ्या मशिनाची ओढ वेगळीकडे असते, भोक तिकडं खातं. हे काहीतरी टांगून वाहून नेल्यासारखं झिजलं होतं.

"बुधरामभाऊ, बकेटमध्ये काय उचलता?"

"माणसं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"नदी चढली का रपटा बुडते," तो शांतपणे सांगू लागला. "धिवरांची डोंगी जाते, पण धार जोरात असली का तेबी नाई म्हणते. मंग आजारी माणूस असो, बाळंतीन असो, बकेटमंधी बसवतो अन् ह्याले पाण्यात घालतो. हा जाते बरोबर."

"किती जणांना नेलंत असं?"

"मोजले नाई."

 मी त्या पत्र्याच्या गुंडाळीकडे बघत राहिले. तार, पत्रा, आणि त्याच्यावर लटकलेली बाळंतीण. "अहो, पिन सरकली असती तर?"

"सरकली नाई ना पन."

आता या माणसावर चिडावं की रडावं? मी चिडले. तावातावानं बोलले, त्याला बोलले, नसलेल्या पुलाला बोलले, पूल न बांधणाऱ्यांच्या सात पिढ्यांना बोलले.  मग त्यानं घराच्या अंगणाकडे बोट दाखवलं. तिथं खाटेवर एक पोटुशी पोर बसली होती, त्याची मुलगी शेवंता. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिच्या शेजारी बुधरामभाऊची थोरली बहीण पारबताबाई. गावातली निम्मी माणसं तिच्या हातांत जन्मलेली.

पारबताबाई उठून आली. "बाई, पोट्टं उलटं हाये. पाय खाली. नर्सबाईनंबी सांगतलं, दवाखान्यातच न्या. माह्या हातचं काम नाई हे."

"मग आत्ताच न्या ना! आत्ता पाणी घोटाभर आहे."

शेवंता खाटेवरूनच म्हणाली, "तारखेले दोन हप्ते हायेत अजून. पोळ्याले घरी राह्यते, अन् मंग जाते. तिथी एकटी काऊन पडून राहू?"

पोळा परवा होता. पोळ्याला पोकलेनला काम नसतं, म्हणून तर आम्हाला या दिवसांत बोलावलं होतं. तेवढ्यात सांधा नीट करायचा आणि मग शेवंताला न्यायचं, असा गावाचा हिशोब होता. मी मामांना बाजूला घेतलं. "मामा, हे काम साधं नाही." मामा म्हणाले, "दिसतंय की."

खांदशेकणी

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोन्ही भोकं घासून, थिनरनं पुसून चांदीसारखी केली. वेल्डिंगच्या आधी तेला-तुपाचा थेंब राहता कामा नये. राहिला तर तापल्यावर त्याचा धूर होतो आणि धातूत पोकळ छिद्रं पडतात. वरून फडकं झाकलं आणि पारबताबाईकडे जेवायला गेलो. भात, बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी, तिला तिकडे वास्ते म्हणतात, आणि सुकी मासळी. बांबू खातात म्हटल्यावर मी तोंड वाकडं केलं होतं. तीनदा वाढून घेतली.

हात धुऊन परत येते तो काय! पोकलेनभोवती अर्धं गाव जमलेलं. मशिनाच्या गळ्यात झेंडूची माळ. बुधरामभाऊ शिडीवर चढून त्या सांध्याला, माझ्या त्या चांदीसारख्या भोकांना, दोन्ही हातांनी हळद आणि तूप चोळत होता. खाली बायका पळसाची पानं निखाऱ्यावर गरम करून वर देत होत्या. सगळे एका सुरात म्हणत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!"

मी किंचाळले. खरंच किंचाळले, कुत्री भुंकायला लागली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात, त्याला उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात, हे मला ठाऊक होतं. आमच्याकडे बेंदराला आजोळी खांदमळणी लहानपणी पाहिली होती. पण पोकलेनची?

"काऊन ओरडता बाई?" बुधरामभाऊ गोंधळून म्हणाला. "वर्षभर भार ओढला त्यानं. बैलाचे शेकतो, याचा नाई शेकायचा?"

"अहो पण आत्ता! मी साफ केल्यावर!"

"साफ केलं म्हणून तं. घाणीवर तूप कोन लावते?"

 मामा तोंड फिरवून हसत होते. मी पुन्हा थिनर घेतलं, पुन्हा घासलं. तेवढ्यात माझी नजर खाली पडलेल्या ग्रीसगनवर गेली. पिनेला वंगण पोचावं म्हणून प्रत्येक कानातून एक बारीक बोगदा भोकापर्यंत जातो, त्यात ग्रीस भरायची ही पिचकारी. तिच्या तोंडाला पिवळं काहीतरी लागलं होतं. बोट लावून वास घेतला. साजूक तूप!

"बैलाले वरून चोळलं तरी चालते," बुधरामभाऊ म्हणाला, "याले आतून पोचलं पाह्यजे ना."

 मी दोन्ही कानांच्या बोगद्यांत थिनर ओतलं, गॅसच्या ज्योतीनं बाहेरून तापवलं, निघेल तेवढं तूप काढलं. सगळं निघालं असं वाटलं.

पोळा

वर कुठेतरी धो धो कोसळला असावा. सकाळी उठले तर नदीचा आवाज अंगणात येत होता. रपटा दिसेनासा झाला होता. म्हणजे आता आम्हीही अडकलो.

जनरेटर सुरू केला. उजवा कान सुरेख भरला, यंत्र आपलं गोल फिरतंय, थरावर थर, बघत राहावं असं काम. डाव्या कानाला लागलो आणि खालच्या बाजूला फुटफुट आवाज सुरू झाला. पिवळा धूर आला आणि त्याला चक्क शिऱ्याचा वास!  कापून बघितलं तर नेमकं जिथं सगळा भार बसतो तिथं बारीक छिद्रं, जाळीदार धिरड्यासारखी. बोगद्यात तूप राहिलंच होतं.

मामा वाकून बघत म्हणाले, "खाणीत असतं तर चाललं असतं." चाललंही असतं. बाकी भोक मापात होतं, पिन घट्ट बसली असती.

तेवढ्यात पारबताबाई लगबगीनं आली. "शेवंताच्या कळा सुरू झाल्या." दोन हप्ते आधी! तिच्यामागून बुधरामभाऊ आला. चेहरा राखेसारखा. लोकांनी नटवलेले बैल तोरणाखाली नेता नेता थांबवले. सगळे आमच्याकडे बघत होते. आणि मी म्हणाले, "होईल. पिन घालू या."

पारबताबाई माझ्याजवळ आली. "मंग तू पह्यले बसशील ना?"

"म्हणजे?"

"आमच्या इथी ज्यानं बैलबंडी बांधली तो पह्यले बसते. डोंगी केली तं करनाराच पह्यले पाण्यात जाते. तू खांदा केला ना? मंग तू बस पोरीसंग."

इतक्या वर्षांत मी किती सांधे भरले असतील, पण त्यांच्याखाली स्वतः बसायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. पैसे घ्यायचे, पिकअप फिरवायची, संपलं. मी त्या जाळीकडे पाहिलं.  आत्ताच मी ‘होईल’ म्हणाले होते! ज्या भोकाखाली बसायची मला भीती वाटत होती त्याच भोकाखाली त्या पोरीला पाठवायला निघाले होते.

"मामा, कापा. पुन्हा भरायचं."

"किती टाईम?" बुधरामभाऊनं विचारलं.

"दुपार होईल."

 पारबताबाईनं एकदा आभाळाकडे, एकदा घराकडे पाहिलं. "पह्यलटकरीन हाये, वेळ हाये. कर तू. पन नीट कर."

मामांनी बोगदा दोन्हीकडून जाळून कोरडा केला. मी जाळी कापून काढली, पार खालच्या चांगल्या लोखंडापर्यंत. पुन्हा थर. यंत्राला घाई करता येत नाही, ते आपल्या गतीनंच फिरतं. घरातून शेवंताचा आवाज येत होता, आधी थांबून थांबून, मग लवकर लवकर. प्रत्येक आवाजाला मी यंत्राला शिव्या घालत होते. गॅस पुरला, कसाबसा. कापलं. बोट फिरवलं. गुळगुळीत, एक टाचणीएवढंही छिद्र नाही. मामांनी ‘बिस्मिल्ला’ म्हणून पिनेवर घण घातला. पिन बोटबोट करत आत गेली, घाम काढत, जशी जायला हवी तशी.

मी बुधरामभाऊला म्हटलं, "आज पोळा. आज जुंपत नाहीत ना?"

"पोरगी अडली तं बैलबी जुंपतो बाई. बसा."

बकेटमध्ये तणस, भाताचा पेंढा, त्यावर गोधडी. शेवंता रेलून बसली, एका बाजूला पारबताबाई, एका बाजूला मी. बकेट उचलली गेली तशी मी तिची कड घट्ट पकडली. गढूळ पाणी मशिनाच्या पट्ट्यांवर आपटत होतं. मी मान वर करून फक्त त्या पिनेकडे बघत होते आणि कान देऊन ऐकत होते. ढिली पिन टक्क वाजते. वाजली तर संपलं. मध्यावर एक ओंडका येऊन आदळला, मशीन एका अंगाला कललं. शेवंताची नखं माझ्या मनगटात रुतली. मी डोळे मिटून घेतले. टक्क काही वाजलं नाही.

"बाई," शेवंता दातओठ खात म्हणाली, "मी नाई, तुम्हीच थरथरून राह्यल्या." आणि कळेतसुद्धा ती हसली.

टेकडीवर जाऊन कुणीतरी फोन केला होता, म्हणून पलीकडे रुग्णवाहिका, शेवंताचा नवरा आणि सासू उभे होते. तिला चढवलं, दार लागलं, गाडी गेली. मी तिथंच चिखलात फतकल मारली. पण खरा धक्का पुढेच होता. काठावर पाच-सहा माणसं वाट बघत होती, पोळ्याला घरी जाणारी. कुणाच्या हातात बैलाचं नवं वेसण, कुणाच्या कडेवर मूल. बकेट रिकामी झाली तशी ती सगळी एसटीत चढावी तशी गपागप चढली. एका म्हाताऱ्यानं मला हात दिला. "या ना बाई, जागा हाये." सांधा कसा आहे, पिन कशी आहे, एकानंही विचारलं नाही. मला रडू फुटलं, आणि रागही तेवढाच आला. बसले. पारबताबाईसोबत परत तशीच आले.

जे तोडल्यावर पोळा सुटतो ते तोरण त्या दिवशी उशिरा तुटलं. पोकलेनही बैलांच्या रांगेत उभा होता. ऊन उतरताना बुधरामभाऊ टेकडीवरून धावत आला, मोबाईलला रेंज तिथंच असते. "पोरगी झाली! दोघी बऱ्या हायेत!"

मी पारबताबाईच्या ओट्यावर टेकले होते. दिवसभर यंत्र पेलून खांदे भरून आले होते, हात वर होत नव्हते. मागून काहीतरी ऊन ऊन लागलं. पारबताबाई तुपा-हळदीनं माझे खांदे चोळत होती, वरून पळसाचं गरम पान दाबत होती. मी आता ओरडले नाही.

"आज आवतन घे, उद्या जेवाले ये," ती म्हणाली.

बुधरामभाऊ हसला. "बाई, ते पोळ्याच्या आदल्या दिशी म्हनायचं असते. काल."

पारबताबाईनं दुसरं पान निखाऱ्यावर धरलं. "काल कुठी होती हे आपली?"